ब्लेअर विच प्रोजेक्ट: चेटकिणीपेक्षा नकाशा गेल्याची भीती जास्त

पानगळ

परवा रात्री 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' पुन्हा बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्ही आठ-दहा जणी एका खोलीत कोंबून बसलो होतो, अर्ध्या जणी आधीपासूनच ओरडायच्या तयारीत, त्यामुळे पिक्चर डोक्यात शिरलाच नव्हता आणि संपल्यावर "पण चेटकीण कुठंय?" एवढंच एकमेकींना विचारलं होतं. या वेळी एकटीने बघितला, दिवे घालवून, हेडफोन लावून. तासाभराने पॉज करून पाणी प्यायला उठले तर पॅसेजचा दिवा लावल्याशिवाय पाऊल पुढे पडेना. म्हणून हा धागा.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर १९९४, अमेरिकेत मेरीलँडमधलं बर्किट्सविल नावाचं छोटं गाव, फिल्मचं शिकणारी तीन मुलं, हेदर, जॉश आणि माइक, तिथल्या चेटकिणीवर डॉक्युमेंटरी करायला जंगलात जातात आणि परत येत नाहीत. वर्षाने त्यांचं फुटेज सापडतं, तेच आपण बघतो. (पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे, बघायचा असेल तर इथेच थांबा.)

मला या वेळी सगळ्यात जास्त हलवून गेला तो नकाशाचा सीन. हेदर म्हणतेय नकाशा माझ्याकडेच होता, जॉश चिडलाय, आणि माइक एकदम हसायला लागतो. हसत हसतच सांगतो की नकाशा मी काल ओढ्यात लाथाडला, काही उपयोगाचा नव्हता तो. बाकीच्या दोघांना आधी कळतच नाही हा काय बोलतोय आणि मग जी झोंबाझोंबी होते ती बघवत नाही. भूत नाही, रक्त नाही, संगीत नाही, पानं झडलेली झाडं आणि ढगाळ उजेड, बास. पण तिथे माझ्या पोटात जो गोळा आला तो पुढच्या कुठल्याच रात्रीच्या सीनला आला नाही. आता यांना कुणी बाहेर काढणार नाही आणि हे एकमेकांनाही सांभाळणार नाहीत हे तिथेच कळतं.

मग हे शूट कसं केलं ते वाचत बसले आणि रात्र तिथेच गेली. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघं दिग्दर्शक, फ्लोरिडातल्या एकाच विद्यापीठात शिकलेले. स्क्रिप्ट म्हणजे ३५ पानांच्या आसपासचा आराखडा, संवाद लिहिलेलेच नाहीत. ऑक्टोबर १९९७ मध्ये फक्त ८ दिवस शूटिंग. हेदर डोनाह्यू, जॉशुआ लेनर्ड, मायकेल विल्यम्स या तिघा नटांना कॅमेरे आणि साउंडचं सामान कसं वापरायचं ते शिकवलं आणि जंगलात सोडून दिलं, म्हणजे जे दिसतं ते सगळं त्यांनीच शूट केलेलं. हातात जीपीएस, त्यात रोजची ठिकाणं आधीच भरलेली, तिथे पोचलं की एका क्रेटमध्ये फिल्मच्या रिकाम्या डब्या, प्रत्येकाच्या नावाची वेगळी, आत चिठ्ठी. आज तू काय करायचंस ते त्या चिठ्ठीत आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही. खाणं रोज थोडं थोडं कमी करत नेलं. रात्री बाहेरून आवाज करायचे, तंबू हलवायचे. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहऱ्यावर जो थकवा दिसतो त्यातला बराचसा खराच आहे!

मला असं वाटतं की या पिक्चरमधली भीती चेटकिणीची नाहीच, उपाशीपोटी, झोप न झालेल्या माणसांनी एकमेकांवरचा विश्वास घालवण्याची आहे, चेटकीण नंतर येते. तुम्हाला काय वाटतं?

---

निशाचर

लिहिलंय छान पण मला हा पिक्चर अजिबात झेपला नव्हता आणि अजूनही नाही. ८१ मिनिटांत निम्मा वेळ हे तिघं भांडतात, कॅमेरा इतका हलतो की माझ्या बायकोला अक्षरशः मळमळायला लागलं होतं, आणि शेवटी हाती काय तर भिंत. भयपटात काहीतरी दिसलं पाहिजे या मताचा मी आहे. जंगल आणि कमी पैशातला हॉररच हवा तर 'द इव्हिल डेड' बघा, १९८१ चा. त्याचा दिग्दर्शक सॅम रायमीसुद्धा तेव्हा पोरगाच होता, त्यानेही ओळखीच्यांकडून पैसे जमवले, टेनेसीच्या जंगलात एका पडक्या केबिनमध्ये हिवाळाभर राहून शूट केलं, पण बघणाऱ्याला भरभरून दिलं की नाही?

---

कंदील

निशाचर, इव्हिल डेडचं नाव काढलंत म्हणून राहवलं नाही. मी कॅमेऱ्याच्या कामातला माणूस आहे, लग्नाचे व्हिडिओ ते शॉर्टफिल्म सगळं करतो, आणि हे दोन पिक्चर मला एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात.

इव्हिल डेडमध्ये जंगलातून काहीतरी जमिनीलगत सुसाट केबिनकडे येतं ते आठवतंय ना? त्यांच्याकडे महागडी यंत्रणा नव्हती. एका लांब फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला, दोन टोकांना दोघांनी धरलं आणि झाडांमधून पळत सुटले. फळी लांब असल्यामुळे धावणाऱ्यांचे हिसके मधे कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर मऊ होतात आणि शॉट तरंगत गेल्यासारखा येतो. मी स्वतः हे करून बघितलंय, भावाला दुसऱ्या टोकाला धरायला लावून, तर पहिल्या दोन वेळा दोघांची पावलं जुळेनात आणि कॅमेरा होडीसारखा डुलत होता, तिसऱ्यांदा मी पुढे आकडे मोजत पळालो तेव्हा कुठे जमलं. फुटेज बघताना अंगावर काटा आला कारण ती चाल माणसाची वाटतच नाही. तर तिथे कॅमेरा म्हणजेच ती दुष्ट शक्ती. आपण तिच्या डोळ्यांनी शिकारीला निघालेलो असतो.

ब्लेअर विचमध्ये बरोबर उलटं. कॅमेरा शिकार झालेल्याच्या हातात आहे. त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, टॉर्चच्या उजेडाचा गोल, त्यापुढे काळंकुट्ट. म्हणून तो हलतो. तो हलला नसता तर पिक्चर खोटा झाला असता.

आणखी एक, दोन वेगवेगळे कॅमेरे आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हेदरच्या हातात हाय-एट व्हिडिओ कॅमेरा, रंगीत, घरगुती, आणि डॉक्युमेंटरीसाठीचा १६ एमएम फिल्मचा, कृष्णधवल. सुरुवातीला दोन्हींत स्पष्ट फरक असतो, फिल्मवर गंभीर निवेदन आणि व्हिडिओवर यांची थट्टामस्करी. पुढे पुढे तो फरक पुसला जातो आणि जे हातात येईल त्याने शूट करत सुटतात. शेवटच्या घरात तर दोन्ही कॅमेरे चालू आहेत, एक रंगीत आणि एक काळापांढरा, आणि एडिटिंग त्या दोघांत उड्या मारतं. सुमारे २० तासांच्या फुटेजमधून एवढंसं काढलंय, त्याला महिनोन् महिने लागले. माझ्या मते पिक्चर तिथेच बनला, एडिटिंग टेबलावर.

---

पानगळ

कंदील, हा दोन कॅमेऱ्यांचा मुद्दा मला आजवर दिसलाच नव्हता, आता परत बघावा लागणार. मधे कुठेतरी जॉश हेदरला म्हणतो ना की तुला हा व्हिडिओ कॅमेरा का आवडतो ते कळलं, यातून बघितलं की समोरचं सगळं पूर्ण खरं वाटत नाही, ते वाक्य आता वेगळंच ऐकू येतंय.

---

रानवाट

नकाशाबद्दल पूर्ण सहमत. ट्रेकला जाणाऱ्या माणसाला हा पिक्चर दुप्पट लागतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एकदा दाट झाडीत धुकं उतरलं, वाट सुटली, आम्ही दोघंच. खाली उतरत राहायचं एवढंच ठरवलं होतं. तास-दीड तास चाललो आणि समोर एक दगड आला, मी म्हटलं हा ओळखीचा वाटतोय, मित्र म्हणाला जंगलात सगळे दगड सारखेच. जवळ जाऊन बघितलं तर माझ्या बुटाच्या नाडीचं प्लास्टिकचं टोक तिथे पडलेलं, मघाशी त्याच दगडावर पाय ठेवून नाडी बांधताना तुटलेलं, निळं, बोटाच्या पेराएवढंही नाही. त्या क्षणी आम्ही दोघं एकमेकांशी काहीच बोललो नाही. मला आठवतंय की मला राग आला होता, धुक्याचा नाही, मित्राचा, आणि त्याला माझा. धुकं निवळलं आणि आम्ही सुटलो ही गोष्ट वेगळी, पण पानगळ म्हणतात ते विश्वास तुटणं मी त्या पाच मिनिटांत बघितलंय.

माणूस गोल गोल फिरतो ही नुसती समजूत नाही. यान साउमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले, जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात आणि सहारा वाळवंटात लोकांना सरळ चालत जायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर लोक सरळ गेले. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातले चक्क गोल फिरून स्वतःचाच मार्ग कापत आले आणि त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. डोळ्यांवर पट्टी बांधली की वर्तुळं आणखी लहान, कधी कधी २० मीटर व्यासाएवढी. एक पाय लांब एक आखूड असं काही त्यामागे नसतं, दिशेचा बारीक बारीक चुकलेला अंदाज साठत जातो आणि तो दुरुस्त करायला बाहेर काही खूणच नसते.

आता पिक्चरमध्ये बघा, ओढ्यावर आडवं पडलेलं झाड ओलांडून निघतात, दिवसभर चालतात आणि संध्याकाळी परत तेच झाड. हेदर तिथे अशी कोसळते की ते खोटं वाटत नाही.

---

निशाचर

पण रानवाट, त्यांच्याकडे होकायंत्र होतं की. दिवसभर दक्षिणेला चाललोय असं ती सांगत असते. मग तुमचा प्रयोग तिथे लागू कसा होणार?

---

रानवाट

बरोबर पकडलंत, आणि ते मला लिहायचंच होतं. होकायंत्र असताना गोल फिरणं शक्य नाही. सुई समोर धरून दिवसभर एका दिशेला गेलात तर त्या भागातल्या जंगलातून कुठल्यातरी रस्त्याला लागणारच, अमेरिकेतल्या त्या पट्ट्यात शेतं आणि वस्त्या फार लांब नाहीत. म्हणजे ते झाड परत दिसणं हीच पिक्चरमधली पहिली पक्की अमानवी घटना आहे. काठ्यांच्या बाहुल्या, दगडांचे ढीग, रात्रीचे आवाज, सगळं कुणा माणसाने केलं म्हणता येईल. ते झाड नाही म्हणता येत. आणि ते भर दिवसा दाखवलंय, कुठलाही खास परिणाम न वापरता, फक्त एक पडलेलं झाड. मला तरी यापेक्षा स्वस्तातलं आणि भेदक भूत कुठल्या पिक्चरमध्ये दिसलेलं नाही.

---

मोगरा

मला दिवसाचं नाही, रात्रीचंच जास्त लागतं. लहान मुलांचे आवाज येतात आणि तंबू बाहेरून थापटला जातो तो सीन. त्या आवाजांच्या टेप दिग्दर्शकांनी आणि त्यांच्या माणसांनी बाहेर अंधारात उभं राहून वाजवल्या होत्या आणि तिघांना काय येणार आहे ते आधी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर ते तंबू सोडून पळत सुटतात आणि पळताना हेदर एका बाजूला बघून ते काय आहे, ते काय आहे म्हणून किंचाळते. आपल्याला काहीच दिसत नाही. तिथे खरंच एक जण उभा होता! आर्ट डिपार्टमेंटचा माणूस, अंगात सगळं पांढरं घालून, चेहऱ्यावर पांढरा स्टॉकिंग ओढून. हेदरला तो दिसला पण कॅमेरा त्या बाजूला वळलाच नाही. रिटेक घ्यायची सोय नव्हती, राहिलं ते राहिलं. आणि बरं झालं. तो पांढरा माणूस दिसला असता तर आज आपण इथे त्याच्या स्टॉकिंगवर बोलत बसलो असतो. निशाचर, तुम्ही म्हणता काहीतरी दिसलं पाहिजे, पण तिच्या आवाजात जे दिसतं ते मला दहा वर्षांनी पण दिसतंय, त्याचा चेहरा माझ्या मनाने बनवलाय आणि तो कुठल्याही मेकअपवाल्याला जमणार नाही.

---

जुना_प्रेक्षक

१९९९ मध्ये हा पिक्चर आला तेव्हाचं वातावरण आताच्या मुलांना सांगून पटणार नाही. इंटरनेट नवीन होतं, वेबसाइटवर पोलिसांचे खोटे रिपोर्ट, बेपत्ता मुलांचे फोटो, चेटकिणीच्या दंतकथेची सालवार यादी, सगळं खरं असल्यासारखं मांडलेलं. जानेवारीत सनडान्स महोत्सवात मध्यरात्रीचा खेळ झाला, तिथे तिघं बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली होती. आर्टिझन कंपनीने तिथेच सुमारे ११ लाख डॉलरला विकत घेतला आणि जगभरात जवळपास २५ कोटी डॉलरचा धंदा झाला. शूटिंगचा मूळ खर्च काही हजार डॉलर, ६० हजारांच्या आसपासचा आकडा सांगतात.

दंतकथा मात्र साफ बनवलेली. बर्किट्सविल खरं आहे, चेटकीण नाही. गावकऱ्यांना मात्र फुकटचा ताप झाला, गावाच्या पाट्यासुद्धा लोकांनी चोरून नेल्या.

आणि फाउंड फुटेज यांनी शोधलं असं कुणी म्हणू नये. १९८० चा 'कॅनिबल होलोकॉस्ट' आहे, त्यातही जंगल आणि त्यातही सापडलेलं फुटेज. त्याचा दिग्दर्शक रुजेरो देओदातोवर इटलीत खटला झाला आणि नट जिवंत आहेत हे त्याला सिद्ध करून द्यावं लागलं होतं. (तो पिक्चर कृपया बघू नका, त्यात प्राण्यांना खरोखर मारलंय, मला अर्धाही बघवला नाही.)

---

चांदणवेल

सगळे पिक्चरचं कौतुक करताय ते ठीकच आहे पण मला एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. त्या तिघांचं काय?

विचार करा, त्यांची खरी नावं वापरली. पात्राचं नाव हेदर डोनाह्यू आणि नटीचं नावही हेदर डोनाह्यू. लोकांना खरं वाटावं म्हणून पिक्चर लागला तेव्हा त्यांना प्रसिद्धीपासून लांब ठेवलं, आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर ते बेपत्ता, बहुधा मृत असं दाखवलं होतं. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली! कुठल्याही नव्या नटाचं स्वप्न असतं की पिक्चर चालावा आणि लोकांनी आपल्याला ओळखावं, इथे पिक्चर जगभर चालला आणि हे मेलेले. त्यावर कडी म्हणजे हेदरला त्या वर्षीचं सर्वात वाईट अभिनेत्रीचं रॅझी दिलं. आठ दिवस उपाशीपोटी, स्वतः कॅमेरा सांभाळत, स्वतःचे संवाद स्वतः रचत तिने जे केलं त्याला हे बक्षीस. मला हे वाचून रडू आलं होतं. पुढे तिने अभिनय सोडला.

एप्रिल २०२४ मध्ये नवीन ब्लेअर विच काढणार अशी घोषणा झाली तेव्हा तिघांनी लायन्सगेटला, म्हणजे आता ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना, जाहीर पत्र लिहिलं. युनियनचं पाठबळ असतं तर जेवढे पैसे मिळाले असते तेवढे मागचे आणि पुढचे द्या आणि आमची नावं, चेहरे वापरायचे असतील तर आम्हाला विचारा, अशी मागणी. २५ वर्षांनी.

पानगळ, तुमचा मुद्दा पटला की भीती खरी आहे कारण थकवा खरा आहे. पण मग त्या खऱ्या थकव्याची किंमत कुणी मोजली हे पण त्याच वाक्यात यायला हवं ना.

---

कंदील

चांदणवेल, शंभर टक्के. कुणाची जबरदस्ती नव्हती, तिघं राजीखुशीने गेले होते, नको झालं तर भूमिकेतून बाहेर यायला 'टाको' हा परवलीचा शब्द ठरवलेला होता, तेव्हा शूटिंगबद्दल मी दिग्दर्शकांना दोष देणार नाही. पण २० तासांचं फुटेज ज्यांनी शूट केलं त्यांना आमच्या धंद्यात कॅमेरामन म्हणतात. नट, कॅमेरामन, संवादलेखक, तिन्ही कामं त्यांनी केली.

---

पानगळ

चांदणवेल, मला हे पत्राचं माहीत होतं आणि तरी मी वर लिहिलं नाही, पिक्चरच्या नादात राहून गेलं. चूक माझी. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

तिच्या त्या माफीच्या सीनबद्दल पण सांगते. टॉर्चच्या उजेडात अर्धा चेहरा, एक डोळा, वाहणारं नाक, तिघांच्या आयांची माफी मागते. ती चौकट मुद्दाम तशी धरलेली नव्हती. तिला वाटत होतं पूर्ण चेहरा येतोय. तंबूत एकटी, कॅमेरा स्वतःच्याच हातात, बघायला कुणी नाही. पोस्टरवर जगभर गेला तो हाच अर्धा चेहरा.

---

नवखा

उशिरा येतोय. काल पहिल्यांदा बघितला, हा धागा वाचूनच. एक कळलं नाही, शेवटी माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून का उभा असतो? त्याला तर कुणी धरलेलं दिसत नाही.

---

मोगरा

नवखा, सुरुवातीच्या मुलाखती परत बघा. गावातला एक जण रस्टिन पार नावाच्या माणसाची गोष्ट सांगतो, तो मुलांना जोडीने तळघरात न्यायचा, एकाला कोपऱ्यात उभं करायचा आणि दुसऱ्याला मारायचा, कारण त्याला ती नजर सहन व्हायची नाही. हे पण बनवलेलंच. आणि गंमत म्हणजे ती माहिती आधी पिक्चरमध्ये नव्हती, शेवट लोकांना कळेना म्हणून नंतर शूट करून घातली.

---

निशाचर

मोगरा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल फक्त शेवटची पंधरा मिनिटं परत बघितली, भिंतींवरचे ते लहान हातांचे ठसे धरून. मधल्या भांडणांबद्दल माझं मत तेच आहे. पण माइक कोपऱ्यात दिसतो आणि कॅमेरा खाली पडतो, त्यानंतर दोन-तीन सेकंद फिल्म तशीच चालू राहते, आवाज नाही, नुसती खरखर. ते मागच्या वेळी मी ऐकलंच नव्हतं, थिएटरात लोक तोवर उठून निघाले होते. बायको आतून विचारत होती काय झालं, एवढा गप्प का बसलायस, आणि मला तिला नीट सांगता आलं नाही.

---

नवखा

मोगरा, बघितल्या मुलाखती. एकाला कोपऱ्यात उभं करायचा, म्हणजे हेदर जिन्यावरून खाली आली तेव्हा ती दुसरी होती.